मुलगा पिचर आहे, हायस्कूल संपल्यावर ड्राफ्ट की कॉलेज? मायनर लीगबद्दल खरं खरं सांगा

सांगलीकर_एडिसन

नमस्कार मंडळी, इथे बेसबॉल बघणारे किती आहेत माहीत नाही पण विचारून बघतो, कारण ऑफिसात ज्यांना विचारलं ते सगळे "वॉव, ऑसम" म्हणतात आणि पुढे काहीच सांगत नाहीत.

मुलगा अकरावीत आहे, सतरा पूर्ण झाली. उजव्या हाताचा पिचर. मी स्वतः आयुष्यभर क्रिकेट बघितलेला माणूस, त्याला सात वर्षांचा असताना लिटल लीगला घातलं ते शेजारचे दोन मित्र जात होते म्हणून, आणि आता हा पोरगा ताशी ९१-९२ मैलांनी बॉल टाकतो. यंदा त्याच्या मॅचला रडारगन घेऊन तीन माणसं जाळीमागे बसलेली दिसली, कोच म्हणाला स्काऊट आहेत, टीमसाठी पोरं हेरणारे. एका चांगल्या कॉलेजची तोंडी ऑफर आली आहे, थोडी स्कॉलरशिप धरून. पुढच्या जूनमध्ये शाळा संपते आणि जुलैत ड्राफ्ट, म्हणजे मोठ्या लीगच्या टीम फेरीफेरीने नवीन पोरं निवडतात ते. कोचच्या मते असाच खेळत राहिला तर कुणीतरी घेईल, पण दहाव्या फेरीच्या नंतर.

हिचं म्हणणं आधी डिग्री, मग काय हवं ते. मुलगा म्हणतो बाबा ही संधी परत येणार नाही. सांगलीहून वडील रोज फोनवर विचारतात की ते उत्तर प्रदेशचे दोघं भालाफेकवाले अमेरिकेत बेसबॉल खेळायला गेले होते त्यांचं पुढे काय झालं. मला खरंच कळत नाहीये. ही मायनर लीगची, म्हणजे मोठ्या लीगच्या खालच्या टीममधली पोरं राहतात कुठे, खातात काय, किती वर्षं लागतात, आणि नाहीच जमलं तर बावीस-तेविसाव्या वर्षी हातात काय उरतं? ज्यांनी जवळून बघितलंय त्यांनी प्लीज लिहा.

ब्रिजवॉटरकर

दादा, आधी पोराचं अभिनंदन, अकरावीत ९२ ही साधी गोष्ट नाही.

मी न्यू जर्सीत ब्रिजवॉटरला राहतो. आपलं बालाजी मंदिर आहे ना, तिथून जवळच सॉमरसेट पेट्रियट्सचं ग्राउंड आहे, रेल्वे स्टेशनला लागूनच. २०२१ पासून ही न्यू यॉर्क यँकीजची डबल-ए टीम झाली, आधी स्वतंत्र लीगमध्ये होती. तेव्हापासून मी आणि माझी मुलगी उन्हाळ्यात वीसेक मॅच बघतो, त्यामुळे शिडी कशी असते ते सांगू शकतो.

प्रत्येक मोठ्या टीमच्या खाली चार टीम असतात. सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. यँकीजचं बघा, टॅम्पा, मग हडसन व्हॅली, मग आपलं सॉमरसेट, मग स्क्रँटन. त्याच्याही खाली फ्लोरिडा आणि अ‍ॅरिझोनात कॉम्प्लेक्स लीग, तिथे प्रेक्षक जवळपास नसतातच, भर उन्हात सरावाच्या मैदानावर मॅच आणि बघायला कोच आणि स्काऊट. हायस्कूलमधून आलेला पोरगा बहुतेक तिथूनच सुरू करतो. डबल-ए ही खरी चाळण, खाली नुसत्या वेगावर निभावलेले पिचर इथे मार खातात कारण समोरचा बॅटर वाईट बॉलला बॅटच लावत नाही.

आता तुमच्या प्रश्नाला अगदी चपखल बसणारं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. मॉरिसटाउनच्या डेलबार्टन शाळेतून २०१९ ला एकाच बॅचची दोन पोरं बाहेर पडली, अँथनी व्होल्पे आणि जॅक लायटर. व्होल्पे वॉचंगचा, म्हणजे इथून पंधरा मिनिटं. त्याला यँकीजने पहिल्या फेरीत तिसाव्या नंबरला घेतलं, २७ लाख डॉलरच्या आसपास बोनस दिला, त्याने कॉलेज सोडलं. पहिल्या उन्हाळ्यात बॅट चाललीच नाही, २०२० ला कोविडमुळे मायनर लीगचा अख्खा सीझन रद्द, म्हणजे पोरगा घरी. २०२१ ला एकदम २७ होमरन, २०२२ ला आमच्याकडे सॉमरसेटला, आणि २०२३ च्या ओपनिंग डेला एकवीस वर्षांचा असताना यँकीजचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर). माझी मुलगी त्या दिवशी टीव्हीसमोर रडली, तिने त्याला दोन हातांवरून बघितला होता ना.

लायटरला त्याच वर्षी यँकीजनेच विसाव्या फेरीत घेतलेलं. तो गेला नाही. व्हँडरबिल्ट कॉलेजला गेला आणि २०२१ ला टेक्सास रेंजर्सने त्याला देशात दुसऱ्या नंबरला उचललं, बोनस जवळपास ७९ लाख. पण इथे नीट लक्ष द्या, त्याला थेट डबल-ए ला टाकलं आणि तिथे त्याचा पार चुराडा झाला, २०२२ ला ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या रनांची सरासरी, कमी तितकी चांगली) पाचाच्या वर, २०२३ ला पण पाचाच्या वर. तरी टीमने सोडला नाही, मधे काही आठवडे मॅचमधून बाजूला काढून त्याची अ‍ॅक्शन दुरुस्त करत बसले, आणि एप्रिल २०२४ ला तो मोठ्या लीगमध्ये उतरला.

मला जे कळलंय ते हेच. बोनस म्हणजे बँकेत येणारा आकडा एवढंच नाही, टीम तुमच्या पोरासाठी किती दिवस थांबेल त्याचा तो अंदाज असतो. ७९ लाख घातलेत म्हणून दोन वर्षं मार खाणाऱ्याला दर आठवड्याला बॉल मिळाला. तेच पंधराव्या फेरीतल्या पोराने दोन वर्षं पाचाच्या वर ईआरए ठेवला असता तर पुढच्या मार्चमध्ये त्याला ऑफिसात बोलावून घरी पाठवला असता. मी दर वर्षी बघतो, जूनमध्ये तीन-चार नावं रोस्टरवरून गायब होतात आणि आम्ही प्रेक्षकसुद्धा दोन आठवड्यांनी विचारतो अरे तो डावखुरा कुठे गेला.

तुमच्या वडिलांना सांगा, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. भारतात घेतलेल्या वेगाने बॉल टाकायच्या २००८ च्या स्पर्धेतून निवडले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने साइन केले. दिनेशला २०१० ला सोडलं. रिंकू जिद्दीने टिकला, सिंगल-ए पर्यंत गेला, मग कोपर गेलं आणि नंतर तो कुस्तीत, डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये गेला. आयुष्यात कधी बेसबॉल हातात न धरलेल्या पोराने सिंगल-ए ला बॅटर आउट केले हे माझ्या दृष्टीने फार मोठं आहे.

आयोवाची_मावशी

मी बेसबॉलमधली जाणकार नाही पण या पोरांना जेवायला घातलंय म्हणून लिहिते.

आम्ही आयोवात ज्या गावात होतो तिथे मायनर लीगची टीम होती आणि होस्ट फॅमिली लागायच्या, कारण पोरांना भाडं परवडत नसे. २०१७ आणि २०१८ असे दोन उन्हाळे आमच्या बेसमेंटमध्ये दोन दोन पोरं राहिली. त्या लेव्हलला तेव्हा आठवड्याला २९० डॉलरपासून पगार सुरू व्हायचा, तोही फक्त सीझनचे पाच महिने, मार्चच्या कँपचा पगारच नाही. त्यातून घरी पैसे पाठवायचे. व्हेनेझुएलाचा एक होता एकोणीस वर्षांचा, त्याला आपलं वरण-भात इतकं आवडायचं की रात्री साडेअकराला मॅचहून आला की आधी कुकर उघडून बघायचा. इंग्लिश जेमतेम, माझं स्पॅनिश शून्य, तरी त्याच्या आईशी मी व्हिडिओवर बोलायचे, ती मला काहीतरी सांगायची आणि मी सी सी म्हणायचे आणि दोघी हसायचो.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये एका दुपारी फोन आला, रिलीज केलं. संध्याकाळचं तिकीट. अर्ध्या तासात बॅग भरून गेला बिचारा. रात्री मी ड्रायर उघडला तर त्याचे कपडे आत तसेच, दोन जीन्स, टीशर्ट आणि टीमचे मोजे. घड्या घालून मायामीला त्याच्या मावशीकडे पार्सल केले. अजून नाताळला मेसेज येतो, आता तो तिकडेच लहान मुलांना शिकवतो.

दुसरा पोरगा टेक्ससचा, कॉलेज तीन वर्षं करून आलेला. तोही वरपर्यंत गेला नाही, त्यालाही सोडलं, पण त्याने राहिलेलं वर्ष पूर्ण केलं आणि आज इन्शुरन्समध्ये आहे, लग्न झालं. दोघांत खेळ कुणाचा चांगला म्हणाल तर पहिल्याचा. मी काय सल्ला देणार, पण तुमच्या मुलाला निदान स्वतःचा स्वयंपाक, कपडे आणि बँकेचे व्यवहार आत्तापासून शिकवा, अठराव्या वर्षी लांब एकटं पडल्यावर हेच नडतं.

सांगलीकर_एडिसन

मावशी, ड्रायरचं वाचून हिला आवाजच फुटेना. ब्रिजवॉटरकर, तुम्ही म्हणता ते टीमने थांबण्याचं, ते मला कुणीच असं सांगितलं नव्हतं. आता पगार तरी बरा झालाय का? आणि साइन केलं की कॉलेज कायमचं गेलं का?

हिशेब_पक्का

पगाराचं मी सांगतो, मी कॅलिफोर्नियात टॅक्सचं काम करतो आणि दोन-तीन मायनर लीगवाली पोरं माझ्याकडे रिटर्न भरायला येतात.

खूप फरक पडलाय आणि तो कुणी मनाने दिलेला नाही. २०१४ ला काही माजी खेळाडूंनी किमान वेतनासाठी केस टाकली, आठ वर्षं चालली, २०२२ ला १८ कोटी ५० लाख डॉलरला मिटली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मायनर लीगची पोरं पहिल्यांदा मोठ्या खेळाडूंच्या युनियनमध्ये आली आणि २०२३ ला पाच वर्षांचा पहिला करार झाला. त्यात वर्षाचं किमान असं ठरलं, कॉम्प्लेक्सला १९,८०० डॉलर, आधी होते ४,८००. सिंगल-ए २६,२००, हाय-ए २७,३००, दोन्हीकडे आधी ११,००० होते. डबल-ए ३०,२५०, ट्रिपल-ए ३५,८००. राहण्याची सोय २०२२ पासून टीमकडे आहे, फर्निचरसकट, म्हणून मावशींसारख्या होस्ट फॅमिली आता पूर्वीइतक्या लागत नाहीत. वरच्या दोन लेव्हलला तर स्वतःची वेगळी खोली मिळते. मोठ्या लीगमध्ये २०२५ चं किमान होतं ७ लाख ६० हजार, म्हणजे ट्रिपल-ए ते मोठी लीग ही एक पायरी वीसपटीच्या पुढे आहे, पोरं का चिकटून राहतात ते यात आलं.

पण जागा कमी झाल्यात हे पण समजून घ्या. पूर्वी १६० च्या आसपास टीम होत्या, २०२१ पासून १२०. ड्राफ्ट ४० फेऱ्यांचा होता तो २० चा झाला. करारानंतर एका क्लबला अमेरिकेत साधारण १६५ मायनर लीग खेळाडू ठेवता येतात, आधी १८० होते. गुणाकार करा, १६५ गुणिले ३० म्हणजे पाच हजाराला जेमतेम कमी, आणि वर मोठ्या लीगमध्ये २६ गुणिले ३० म्हणजे ७८० जागा, त्यात रोज खेळणारे पंचविशी-तिशीतले पक्के बसलेले. आणि दर जुलैला नवीन सहाशे येणार, शिवाय डॉमिनिकन आणि व्हेनेझुएलातून सोळाव्या वर्षी साइन केलेले वेगळे. कुणाला तरी जागा रिकामी करावीच लागते. माइक पियाझाची गोष्ट सगळे सांगतात की १९८८ ला बासष्टाव्या फेरीत १३९० वा घेतला आणि हॉल ऑफ फेमला गेला, ते खरं आहे, पण आता बासष्टावी फेरीच नाही.

कॉलेजचं असं आहे. साइन केलं की कॉलेजच्या टीममधून बेसबॉल खेळता येत नाही, तो दरवाजा बंद. शिकायला मात्र जाता येतं आणि इथे लोक चूक करतात म्हणून नीट वाचा. हायस्कूलच्या पोराच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये टीमकडून कॉलेजच्या फीचे पैसे लिहून घेता येतात, इतके सेमिस्टर, सेमिस्टरला इतके डॉलर. खेळ थांबल्यावर दोन वर्षांच्या आत कॉलेज सुरू करायचं ही अट असते. माझ्याकडच्या एका पोराने तिसऱ्या वर्षी जायचं ठरवलं आणि सगळे पैसे बुडाले, बापाला तर अट माहीतच नव्हती. बोनसचे दहा-वीस हजार कमी चालतील पण सेमिस्टरचा आकडा आजच्या फीचा नाही, चार-पाच वर्षांनंतरच्या फीचा धरून मागा.

अकराव्या फेरीपासून पुढे टीम दीड लाखापर्यंत बोनस देऊ शकते आणि तो त्यांच्या ठरलेल्या बजेटमध्ये मोजला जात नाही, म्हणून तुमच्याकडे आला तर बहुतेक त्याच्या आतला आकडा घेऊन येतील. टॅक्स जाऊन किती उरतो ते आधी कागदावर मांडा.

मधला रस्ता पण आहे. चार वर्षांच्या कॉलेजला गेला तर तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा एकवीसचा होईपर्यंत ड्राफ्ट नाही, पण दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजला गेला तर दर वर्षी ड्राफ्टला उभा राहू शकतो. ब्राइस हार्पर असाच गेला, २०१० ला पहिला नंबर.

ऑस्टिनची_फिजिओ

सगळे पैशाचं बोलताय म्हणून मी हाताचं बोलते, मूळची नाशिकची, इथे आठ वर्षं खेळाडूंचे खांदे-कोपर बघते.

९२ टाकणारा सतरा वर्षांचा मुलगा म्हणजे माझ्या टेबलवर येणारा नेहमीचा पेशंट, घाबरवायला म्हणत नाहीये. जाळीमागे रडारगन दिसली की पोरं प्रत्येक बॉल जीव तोडून टाकतात आणि कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट ताणत ताणत एक दिवस सुटतं. मग टॉमी जॉन सर्जरी, म्हणजे ते लिगामेंट बदलायचं, बारा ते अठरा महिने गेले. मेजर लीगचेच नियम आहेत वयाप्रमाणे, १७-१८ ला एका दिवसात जास्तीत जास्त १०५ पिच (म्हणजे टाकलेले बॉल), ८१ च्या वर टाकले तर चार दिवस विश्रांती, आणि वर्षातून चार महिने मॅचमध्ये पिचिंगच नाही. शाळेचा कोच पाळतो पण शनिवार-रविवारी ट्रॅव्हल टीमचा कोच वेगळा असतो, शोकेसचा (स्काऊटसमोर खेळून दाखवायचं ते) तिसरा, आणि तिघांचा हिशेब एकत्र कुणीच ठेवत नाही. तो तुम्ही ठेवा. साधी वही करा, तारीख, किती पिच, दुसऱ्या दिवशी हात कसा होता.

कुमार रॉकरचं उदाहरण माहीत असेलच, आई भारतीय वंशाची म्हणून आपल्याकडे त्याचं कौतुक जास्त. २०१८ ला हायस्कूलमधून अडतिसाव्या फेरीत घेतला होता, नाही गेला, व्हँडरबिल्टला गेला, पहिल्याच वर्षी एका मॅचमध्ये एकोणीस स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) घेऊन नो-हिटर, म्हणजे समोरच्या टीमला एकही हिट नाही. २०२१ ला मेट्सने दहाव्या नंबरला घेतला आणि मेडिकल रिपोर्ट बघून साइनच केलं नाही. विचार करा त्या घरात काय झालं असेल. पुढच्या वर्षी स्वतंत्र लीगमध्ये थोडे इनिंग टाकले आणि रेंजर्सने तिसऱ्या नंबरला घेतला, ५२ लाख डॉलर. मग मे २०२३ ला कोपराची सर्जरी, आणि सप्टेंबर २०२४ ला मोठ्या लीगमध्ये पहिली मॅच. तुमचं पोरगं कुठल्याही रस्त्याने गेलं तरी मधे एक वर्ष असं येणार असं धरूनच चाला, त्या वर्षात तो घरी असेल, कॉलेजात असेल की फ्लोरिडाच्या कॉम्प्लेक्समध्ये अनोळखी पोरांबरोबर असेल, याचाही विचार करा.

पार्क_कट्टा

दादरहून लिहितोय, बेसबॉल रात्री जागून बघतो त्यामुळे झोप कमी आणि मतं जास्त.

वर सगळे सांगतायत ते बरोबर आहे, पण मुलाच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं. ड्रू मॅगी म्हणून एक आहे. पायरेट्सने २०१० ला पंधराव्या फेरीत घेतला, म्हणजे तुमच्या मुलाला सांगताहेत तसाच. तेरा सीझन मायनर लीग, ११५५ मॅच, कितीतरी टीम बदलल्या, २०२१ ला एकदा मिनेसोटाने वर बोलावला आणि एकही मॅच न खेळवता परत पाठवला. एप्रिल २०२३ ला तेहतिसाव्या वर्षी पिट्सबर्गला पिंच-हिटर म्हणून (दुसऱ्याच्या जागी बॅटिंगला) बाहेर आला तेव्हा अख्खं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं, अंपायर पण थांबला. स्ट्राइकआउट झाला. त्याला काही फरक पडला असेल असं मला वाटत नाही. तीन दिवसांनी पहिला हिट पण मारला.

आपण तर हे समजू शकतो ना? पद्माकर शिवलकर ५८९ विकेट घेऊन एकही टेस्ट खेळले नाहीत. अमोल मुजुमदार अकरा हजारांवर धावा करून भारताची कॅप न घालता थांबला आणि २०२५ ला त्याच्याच कोचिंगखाली आपल्या मुली वर्ल्डकप जिंकल्या. मैदानावर या दोघांचं नाव निघालं की कुणी वाया गेले म्हणतं का? दादा, तेविसाव्या वर्षी हातात काय उरेल असं तुम्ही विचारलंत, तर जे उरेल त्यातलं बरंच पगाराच्या स्लिपवर दिसत नाही.

ब्रिजवॉटरकर

पार्ककट्टा, मनापासून पटलं. फक्त एक, मॅगीने स्वतः निवडलं तेव्हा तो कॉलेज करून आलेला होता, अठराचा नव्हता. दादा, एक काम करा, स्काऊट घरी येतात तेव्हा ते विचारतातच की किती आकड्याला साइन कराल. तो आकडा तुम्ही तिघांनी आधी बसून ठरवा, ड्राफ्टच्या रात्री फोनवर नको, तेव्हा अठरा वर्षांचं पोरगं हो म्हणून मोकळं होतं.

सांगलीकर_एडिसन

मंडळी, दोन आठवडे उत्तर दिलं नाही, माफ करा, घरी रोज हेच चालू होतं.

रविवारी तिघं वही घेऊन बसलो. हिशेब_पक्का यांनी सांगितल्याप्रमाणे टॅक्स काढला, सेमिस्टरची फी पाच वर्षांनंतरची धरली. मी मुलाला विचारलं, तुला टीमने किती वर्षं थांबावं असं वाटतं? तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला तीन, एक हात दुखण्यात जाईल असं धरून. मग हिनेच आकडा लिहिला, मी नाही. तो दीड लाखाच्या बराच वर आहे, म्हणजे दहाव्या फेरीनंतर कुणी आलं तर बहुतेक कॉलेज. आश्चर्य म्हणजे मुलगा भांडला नाही, फक्त म्हणाला की स्काऊटना हा आकडा मी सांगणार, तुम्ही नाही. ते मला बरोबर वाटलं. पिचची वही पण चालू झाली, पहिल्याच शनिवारी कळलं की एका दिवसात दोन टीम मिळून ११८ टाकले होते, त्याच संध्याकाळी एका टीमच्या कोचशी बोललो.

ब्रिजवॉटरकर, तुमच्या ग्राउंडवर येत्या मंगळवारी होमस्टँडची (घरच्या मैदानावरच्या सलग मॅचेसची) पहिली मॅच आहे, आम्ही येतोय. मॅच संपल्यावर पोरं कुठल्या दरवाजाने बाहेर पडतात तेवढं सांगून ठेवा, त्याला त्यांच्यातल्या एखाद्याशी पाच मिनिटं बोलायचंय.